प्रत्येक दशकातील एक भयपट: घरच्या आठ शनिवारांसाठी कोणते निवडावेत?

माजघर

नमस्कार. आमच्या घरी माझे वडील, मी आणि अकरावीत शिकणारा माझा मुलगा अशा तीन पिढ्या एकत्र राहतात. तिघांनाही भयपट आवडतात, पण 'भीती' या शब्दाचा तिघांचा अर्थ निरनिराळा आहे. वडील आता ८२ वर्षांचे आहेत. १९६२ साली 'बीस साल बाद' प्रदर्शित झाला तेव्हा ते कॉलेजात होते, आणि तो पाहून रात्री सायकलवरून घरी येताना मागच्या कॅरिअरवर कोणीतरी बसले आहे असे आपल्याला शेवटच्या वळणापर्यंत वाटत राहिले, हे ते आजही तितक्याच गंभीरपणे सांगतात. मुलाने इंग्रजी आणि कोरियन भयपट पुष्कळ पाहिले आहेत. किती वेळा दचकलो यावर तो चित्रपटाची प्रत ठरवतो.

दिवाळीनंतरच्या आठ शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर तिघांनी मिळून प्रत्येक दशकातला एक हिंदी किंवा मराठी भयपट पाहायचा, १९४० च्या दशकापासून सुरुवात करायची आणि २०१० च्या दशकावर थांबायचे, असे आम्ही ठरवले आहे. सुरुवात 'महल'ने करावी यावर एकमत आहे. १९५० च्या दशकासाठी 'मधुमती' आणि १९६० च्या दशकासाठी वडिलांचा 'बीस साल बाद' मनात आहे. त्यापुढे मात्र माझी गाडी अडते. १९७० आणि १९८० च्या दशकांतले रॅमसे बंधूंचे चित्रपट मी लहानपणी डोळ्यांवर हात ठेवून पाहिले, त्यामुळे त्यांच्याबद्दल मत देण्याचा मला अधिकार नाही. १९९० च्या दशकासाठी 'रात', पुढच्यासाठी 'भूत' आणि शेवटच्यासाठी 'तुंबाड' किंवा 'लपाछपी' अशी कच्ची यादी आहे.

यादीइतकाच एक दुसरा प्रश्न मला सतावतो आहे. जुन्या चित्रपटांत शेवटी भूत नसतेच, कोणीतरी माणसानेच तो बनाव रचलेला असतो, असे मी मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला की मग ती प्रेक्षकाची फसवणूक झाली. वडील म्हणाले, "सायकलवर मला जे वाटले ते खोटे नव्हते." भूत खोटे निघाल्यावर भीती खरी कशी राहते, याचे उत्तर मला देता आले नाही. जाणकारांनी कृपया लिहावे. १९७० पूर्वीच्या चित्रपटांचे शेवट उघड केले तरी चालतील, त्यानंतरच्या चित्रपटांचे मात्र कृपया झाकून ठेवावेत.

ध्वनिरेषा

माजघरताई, मी चित्रपटांच्या ध्वनिसंकलनाचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर कानाच्या बाजूने येईल, हे समजून घ्यावे.

'महल'मध्ये घाबरवण्यासाठी कोणीही किंचाळत नाही. हवेली आहे, वादळी रात्र आहे, नायकाच्या चेहऱ्याशी हुबेहूब जुळणारे जुने चित्र भिंतीवर आहे, आणि मग कुठूनतरी एका स्त्रीचा गाण्याचा आवाज येतो. 'आयेगा आनेवाला'च्या ध्वनिमुद्रणाची हकिगत लता मंगेशकर यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता आणि गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी म्हणत त्या कोपऱ्यातून हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या. आज हे काम आम्ही संगणकावर आवाजाची पातळी आणि घुमारा कमीजास्त करून काही मिनिटांत उरकतो, पण त्या ध्वनिमुद्रणात जे अंतर ऐकू येते ते प्रत्यक्ष पावलांनी कापलेले आहे. मुलाला हेडफोन लावून ते ऐकवावे. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, वारले, आणि त्या गाण्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा गायिकेच्या जागी लताबाईंचे नाव नसून 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव छापलेले होते. ज्या आवाजाला चेहरा नाही आणि नावही नाही, तो आवाज घराघरांतल्या ग्रामोफोनवर वाजत होता, याची कल्पना करून पाहावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला 'महल' आणि 'मधुमती' हे दोन चित्रपट लागोपाठ पाहताना मिळाले. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेल्या 'महल'चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. त्या चित्रपटात भूत म्हणून वावरणारी स्त्री शेवटी हाडामांसाची, माळ्याची मुलगी निघते, आणि तरीही तोपर्यंत नायकाचे सगळे आयुष्य उद्ध्वस्त झालेले असते. भूत नव्हते, पण त्याने केलेला नाश खरा होता. नऊ वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच बिमल रॉय यांनी 'मधुमती' दिग्दर्शित केला, आणि त्याची कथा ऋत्विक घटक यांची होती. तेथेही खोट्या भुताची योजना आहे. मृत मधुमतीसारखी दिसणारी दुसरी मुलगी भुताचे सोंग घेऊन येणार, तिला पाहून गुन्हेगार घाबरणार आणि कबुली देणार, असे ठरलेले असते. ठरल्याप्रमाणे ती येते, तो कोसळतो, सर्व काही पार पडते, आणि मग ती दुसरी मुलगी धावत आत येऊन म्हणते की तिला पोहोचायला उशीर झाला. 'महल' आदल्या शनिवारी पाहिलेला असेल, तर या एका क्षणाचा परिणाम दुप्पट होतो, म्हणून हा क्रम कृपया मोडू नये.

१९६० च्या दशकाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. 'बीस साल बाद' दिग्दर्शित करणाऱ्या बिरेन नाग यांनीच १९६४ मध्ये 'कोहरा' केला. दोन्ही चित्रपटांना हेमंत कुमार यांचे संगीत आहे. 'कोहरा'मध्ये घराची जुनी दाई म्हणून ललिता पवार आहेत, आणि नव्या सुनेकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जी स्थिरता आहे तिच्यापुढे पांढऱ्या साडीतली कोणतीही आकृती फिकी पडते. खाष्ट सासू म्हणून आपण त्यांना फार ऐकले आणि पाहिले, म्हणून त्यांचे हे काम लोकांच्या नजरेतून निसटले याची मला नेहमी हळहळ वाटते.

'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३) या दोन्ही निवडी मला मान्य आहेत. दोन्ही राम गोपाल वर्मांचे आहेत, आणि मधल्या अकरा वर्षांत चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणा पार बदलली होती. 'रात'मधील भरलेले चित्रपटगृह नायिका रेवतीच्या भोवती एकाएकी रिकामे होते, तो प्रसंग पाहताना आपणही चित्रपटगृहातच बसलेलो असतो, म्हणून तो घरी पाहताना दिवे पूर्ण बंद करावेत. 'भूत'मध्ये एकही गाणे नाही. मुंबईतील उंच इमारतीतला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातली शांतता आणि त्या शांततेचे अनेक थर, असे द्वारक वॉरियर यांचे ते ध्वनियोजन आहे. आमच्या कामात 'रूम टोन' म्हणून एक प्रकार असतो. खोलीत कोणी बोलत नसताना खोलीचा म्हणून जो आवाज असतो, तो आम्ही वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवतो. पंखा, नळातले पाणी, दूरची रहदारी असे सगळे मिळून तो आवाज बनतो आणि कान त्याची नोंदही घेत नाहीत. तो हळूच काढून घेतला, तर प्रेक्षकाला काय बदलले ते कळत नाही, पण मानेवरचे केस उभे राहतात. मोठा आवाज करून कोणालाही दचकवता येते. असलेला आवाज काढून घेऊन घाबरवणे हे फार अवघड काम आहे, आणि आपल्या मुलाला हा फरक सांगितला तर त्याची प्रतवारी कदाचित बदलेल.

तंबूतला

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु रॅमसे बंधूंचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. जत्रेला टुरिंग टॉकीज येत असे. १९८४ साली निघालेला 'पुराना मंदिर' आमच्या गावापर्यंत पोहोचायला दोनएक वर्षे लागली असावीत. तंबूत सगळेजण जमिनीवर बसत, बायकांची आणि पुरुषांची बाजू मध्ये दोर बांधून वेगळी केलेली असे, आणि वारा सुटला की पडदा पोटात श्वास घेतल्यासारखा फुगत असे. त्यातला सैतान सामरी, त्याचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा नेमका वारा होता, आणि तो चेहरा आमच्या दिशेने पुढे सरकला, असे आम्हा सगळ्या पोरांना वाटले. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपल्यावर पुढचे चढवीपर्यंत पूर्ण अंधार होई. एरवी त्या अंधारात शिट्ट्या वाजत, पण त्या रात्री जनरेटरच्या घरघरीखेरीज काहीही ऐकू येत नव्हते. शेजारच्या अनोळखी माणसाने माझा हात धरून ठेवला होता. तो माणूस चांगला पन्नाशीचा होता.

रॅमसे कुटुंबाबद्दल थोडे सांगतो, कारण त्यांची गोष्ट त्यांच्या चित्रपटांइतकीच जाणून घेण्यासारखी आहे. वडील एफ. यू. रॅमसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' या चित्रपटात चोरीच्या प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून येतात. चित्रपट चालला नाही, पण लोक तेवढ्या प्रसंगासाठी पुन्हा येऊन बसतात हे मुलांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिले आणि संपूर्ण चित्रपटच तसा करावा असा हट्ट धरला. त्यातून १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' झाला. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, गंगूंकडे कॅमेरा, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन आणि कुमार यांच्याकडे पटकथा अशी ती वाटणी होती. तो चित्रपट महाबळेश्वरला, सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून, थोडक्या खर्चात पूर्ण झाला. म्हणजे ज्या धुक्याला आपण सहलीला जाऊन स्ट्रॉबेरी खात पाहतो, ते धुके त्यांनी फुकटात वापरले. मुरूडचा नवाबाचा राजवाडाही त्यांच्या चित्रपटांत दिसतो.

ताई, १९७० च्या दशकासाठी 'दो गज़ ज़मीन के नीचे' आणि १९८० च्या दशकासाठी 'पुराना मंदिर' घ्यावा. 'पुराना मंदिर'मधील विनोदी उपकथानक आज सहन होत नाही, हे मी मान्य करतो, आणि तेवढा भाग पुढे ढकलला तरी काही बिघडत नाही. परंतु मूळ कल्पना पाहावी. सामरीचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद करतात, धड जुन्या मंदिरामागे पुरतात, आणि मरताना तो राजाला शाप देतो की तुझ्या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. राजाने केलेल्या शिक्षेचा दंड पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायका भोगतात. आमच्या तंबूत बायकांच्या बाजूने शापाच्या वेळी जो हुंकार उठला, तो मला अजून आठवतो. त्या काळी खेड्यात बाळंतपणात बाई दगावणे ही ऐकीव गोष्ट नव्हती.

सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अगरवाल रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंते होते. उंचापुरा देह आणि चेहऱ्याची ठेवण त्यांना देवाने दिलेली होती, त्यामुळे रंगभूषेला फारसे काम उरले नाही. पुढे दूरचित्रवाणीवर भुताच्या मालिका आल्या आणि तंबू गेले, तरी त्या चेहऱ्याची जागा दुसऱ्या कोणी घेतली असे मला वाटत नाही.

ओलीव

तंबूतला यांचा अनुभव वाचताना मीही त्या अंधारात बसले होते. तरीही १९८० च्या दशकासाठी मी 'पुराना मंदिर'ऐवजी एक नाव आग्रहाने सुचवते, आणि ते आपल्या धाग्यात अजून आले नाही याचे मला आश्चर्य वाटते. १९८० चा 'गहराई'.

विकास देसाई आणि अरुणा राजे यांनी तो दिग्दर्शित केला आणि लेखनात त्यांच्याबरोबर विजय तेंडुलकर होते. एवढ्या एका नावावरून चित्रपट कोणत्या वाटेने जाणार याचा अंदाज मराठी वाचकाला येईल. डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात चन्नबसप्पा नावाच्या बंगळुरात राहणाऱ्या, शिकलेल्या, विवेकी कुटुंबप्रमुखाची भूमिका केली आहे. तो गावाकडची वडिलोपार्जित बागायत जमीन कारखान्यासाठी विकून टाकतो. ती जमीन राखणारा जुना गडी बासवा त्याला विनवतो, पण व्यवहार झालेला असतो. त्यानंतर चन्नबसप्पाच्या कोवळ्या मुलीच्या, म्हणजे पद्मिनी कोल्हापुरे यांच्या, तोंडून कोणीतरी दुसरेच बोलू लागते. अनंत नाग तिचे मोठे भाऊ आहेत आणि अमरीश पुरी मांत्रिक आहेत.

डॉ. लागू आयुष्यभर विवेकवादी म्हणून वावरले आणि देवाला निवृत्त करावे असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. अशा माणसाला, मुलगी समोर पुरुषी आवाजात बोलत असताना, 'हे मानसिक आहे, डॉक्टरांना बोलवा' असे म्हणणाऱ्या बापाच्या भूमिकेत पाहणे हा एक वेगळाच अनुभव आहे. त्या बापाची कोठेही टवाळी केलेली नाही. त्याचा अविश्वास प्रामाणिक आहे, पत्नीचा विश्वासही प्रामाणिक आहे, आणि दोघांच्या मध्ये मुलगी झिजत जाते. जेवणाच्या टेबलाभोवतीची त्यांची भांडणे मला मांत्रिकाच्या प्रसंगांपेक्षा अधिक भयंकर वाटतात, कारण तशी भांडणे आजारी माणूस असलेल्या पुष्कळ घरांत होतात. डॉक्टर की देवऋषी, या वादात आमच्या आजोळच्या एका मावशीचे सबंध वर्ष गेले होते, आणि त्या वर्षात ती स्वतः काय म्हणते हे कोणी विचारले नाही.

माजघर यांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. 'गहराई'मध्ये भूत खरे की खोटे हा मुद्दा हळूहळू मागे पडतो, कारण त्या मुलीच्या तोंडून बापावर जे आरोप होतात ते खरे असतात. काय ते मी सांगत नाही. बोलणारा खोटा असू शकतो, पण बोललेले खरे असले तर ऐकणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. तंबूतला यांनी सांगितलेल्या शापाचेही तसेच आहे. सामरीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, बाळंतपणातले मरण मात्र त्या तंबूतील प्रत्येक बाईला माहीत होते.

१९७० च्या दशकासाठी एखादा मराठी चित्रपट हवा असेल, तर वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) आहे. आशा काळे, डॉ. काशिनाथ घाणेकर, सुधीर मोघे यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असा तो योग आहे. त्यातल्या नरसूच्या भुताचे नाव काढले की माझ्या आईच्या पिढीतल्या बायका आजही गप्प होतात. त्यातली गाणी इतकी गोड आहेत की लोकांना तीच लक्षात राहिली. आजोबांना तो नक्की आवडेल, नातवाबद्दल मला खात्री देता येत नाही.

नातवासाठी आणखी एक सांगते. २००० च्या दशकात 'भूत'च्या जोडीला विक्रम कुमार यांचा '१३बी' (२००९) लक्षात ठेवावा. नव्या फ्लॅटमध्ये देवघरासाठी भिंतीत खिळा जात नाही, दूध रोज नासते, आणि लिफ्ट एकट्या नायकासाठी चालत नाही. दूध नासणे हा आपल्या घरांतला किती जुना अपशकुन आहे! स्वयंपाकघरात गॅसवर ठेवलेल्या पातेल्याकडे पाहून भीती वाटावी, असे त्या चित्रपटाने करून दाखवले आहे.

फडावरची

मी सांगली जिल्ह्यातली, उसाच्या पट्ट्यात वाढलेली आणि आता शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. शेवटच्या दशकाबद्दल लिहिते.

'तुंबाड' की 'लपाछपी', असा प्रश्न आहे. माजघरताई, 'लपाछपी' पाहावा, आणि शक्य असेल तर नववा शनिवार काढून 'तुंबाड' त्यावर पाहावा. कारण सांगते.

'तुंबाड' (२०१८) हा आपल्याकडे झालेला सर्वांत देखणा भयपट आहे, हे मान्यच आहे. राही अनिल बर्वे यांनी तो उभा केला. त्याच्या मुळाशी नारायण धारप यांच्या कथेचे बीज आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले आहे, म्हणजे भाषा हिंदी असली तरी त्याची नाळ मराठीत आहे. खऱ्या पावसासाठी तो अनेक पावसाळे थांबून चित्रित झाला, आणि ते पडद्यावर दिसते. त्या वाड्यातली भिंत ओली आहे असे नुसते वाटत नाही, तिचा वास येतो. त्यातला शापित देव हस्तर, त्याच्याकडे सोने आहे पण अन्न नाही, म्हणून माणसे त्याच्यासाठी कणकेची बाहुली करून नेतात. आपण सगळ्या बायका रोज जी कणीक तिंबतो, तिलाच हात, पाय, डोके देऊन आमिष करायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कार. साखळीने बांधलेली म्हातारी आणि नायकाचा मुलगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत, हे चित्रपट पाहून झाल्यावरच आपल्या मुलाला सांगावे.

परंतु 'तुंबाड' पाहून मी शांत झोपले. ती दुसऱ्या कोणाच्या लोभाची गोष्ट होती. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) पाहून मला झोप आली नाही. शहरातले एक जोडपे, बायको गरोदर, काही अडचणीमुळे गावाकडे लपायला येते, आणि उसाच्या फडातल्या एकट्या घरात तुळसाबाई नावाची प्रौढ बाई त्यांची काळजी घेते. पूजा सावंत आणि उषा नाईक यांची ही जुगलबंदी आहे. उषाताईंचे तुळसाबाई म्हणून ते आपुलकीने वाढणे, डोक्यावरून हात फिरवणे, 'बाळा' म्हणून हाक मारणे हे सगळे आमच्याकडच्या कोणत्याही घरात दिसेल असे आहे, आणि म्हणूनच ते पाहवत नाही.

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीगृहात पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. बारा महिन्यांच्या उभ्या उसात शिरल्यावर दोन सऱ्या ओलांडल्या की बांध दिसेनासा होतो. पात्याच्या कडेला बारीक करवत असते, ती हातावर ओढली गेली की आधी काही वाटत नाही, घाम लागला की मग चुरचुरते. वारा नसतानाही आत काहीतरी सळसळत असते, कारण पाचट वाळताना आपोआप वाजते. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, तुम्ही पूर्णपणे हरवलेले असता. लहानपणी आम्ही लपाछपी खेळताना फडात शिरायची आम्हाला सक्त मनाई होती. या चित्रपटाने अंधाराची मदत जवळजवळ घेतलीच नाही, कारण त्या फडात तिची गरज नाही.

त्या फडात काय आहे ते मी सांगणार नाही, पण आपल्या राज्याचे दोन आकडे लिहिते. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा आहे. मी तीस वर्षे पहिलीच्या वर्गात हजेरी घेतली. मुलींची नावे कमी होत गेलेली मला पटावर दिसत होती, आणि ज्या आयांच्या हातात मी मुलांची प्रगतिपुस्तके देत होते त्यांच्यापैकी काहीजणींना मी कधी काही विचारले नाही. 'लपाछपी'मधल्या मुलांच्या हसण्याचा आवाज मला त्या पटाची आठवण करून देतो. भूत खोटे असले तर भीती खरी कशी, असे आपला मुलगा विचारतो. त्याला हा चित्रपट दाखवावा आणि नंतर हे आकडे दाखवावेत.

त्याच दिग्दर्शकांनी २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने तो हिंदीत पुन्हा केला. तोही वाईट नाही, पण उषा नाईक यांची बोली त्यात नाही.

तंबूतला

फडावरची बाई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. ओलीव यांचे म्हणणेही मला पटले. 'गहराई' मी अर्धवट पाहिला होता, तो काल रात्री पूर्ण पाहिला. १९८० च्या दशकाची माझी शिफारस मी मागे घेत नाही, परंतु एकच शनिवार असेल तर तो 'गहराई'ला द्यावा. 'पुराना मंदिर' तीन माणसांनी दिवाणखान्यात बसून पाहण्याचा चित्रपट नाही, त्याला शंभर माणसे आणि वारा लागतो. १९७० चे दशक मात्र रॅमसे बंधूंचेच राहू द्यावे, ही विनंती.

एक नाव राहून गेले. १९९३ चा 'झपाटलेला' विनोदी म्हणून गणला जातो, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि दिलीप प्रभावळकर यांनी जिवंत केलेला तात्या विंचू ज्या मुलांनी सहाव्या-सातव्या वर्षी पाहिला, त्यांच्या घरातल्या बाहुल्या कपाटाच्या वर गेल्या. माझ्या पुतणीची बाहुली अजून तेथेच आहे.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. यादी आता अशी ठरली आहे: 'महल', 'मधुमती', 'बीस साल बाद', 'दो गज़ ज़मीन के नीचे', 'गहराई', 'रात', 'भूत' आणि 'लपाछपी'. 'तुंबाड'साठी नववा शनिवार मंजूर झाला आहे. 'कोहरा'चा प्रस्ताव मी वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि 'बीस साल बाद' सोडण्यास नकार दिला, तेव्हा ललिताबाईंना मी एकटीच भेटेन.

पहिला शनिवार काल झाला. ध्वनिरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे चित्रपट संपल्यावर मुलाला हेडफोन दिले आणि लताबाई कोपऱ्यातून चालत आल्या होत्या एवढेच सांगितले. त्याने गाण्याची सुरुवात तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी, आवाज जवळ येत असताना, त्याने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिले. वडिलांनी ते पाहिले आणि ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुलानेच त्यांना विचारले, "आजोबा, त्या रात्री सायकलवर तुम्ही मागे वळून पाहिले होते का?"

वडील म्हणाले, "नाही. घंटी वाजवत आलो."

पुढच्या शनिवारी 'मधुमती' आहे. 'गहराई'ची स्वच्छ प्रत कोठे पाहायला मिळेल, हे ओलीव किंवा तंबूतला यांनी सवडीने कळवावे.